सासूबाईंचं मैदान

आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात आमच्या सासूबाईंइतकी पळालेली दुसरी बाई सापडायची नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. बरं, पळाल्या त्या कुठं जायचं म्हणून नाही. तेर गावात बुद्धविहारामागं जे मैदान आहे, त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि तिथून परत. एवढ्याशा जागेत त्यांनी जेवढी धाव घातली, तेवढी सरळ रस्त्यानं घातली असती तर बाई दिल्ली गाठून घरी परत आल्या असत्या, आणि वाटेत कुणाच्या हाती लागल्या नसत्या. शाळेत असताना त्या खो-खो खेळल्या, लग्न झाल्यावर काही वर्षं चूल आणि पाळणा सांभाळला, आणि पोरगा शाळेत जायला लागल्याबरोबर गावातल्या पोरी गोळा करून पुन्हा मैदानात उतरल्या. तेव्हापासून पोरींच्या पिढ्या बदलल्या, मैदानावरची बाभळ तोडली गेली, विहाराला नवा रंग लागला, सासूबाई तिथंच.

मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आमची पहिली भेट तामलवाडीला, माझ्या माहेरी झाली. त्या मला बघायला आल्या होत्या. सोबत सासरे होते, एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते आल्या आल्या माझ्या वडिलांशी डिझेल इंजिनावर बोलायला लागले. पोहे झाले, चहा झाला. आईनं मला सगळी तयारी करून ठेवली होती: पुरणपोळी येते का विचारलं तर काय सांगायचं, शिवण येतं का विचारलं तर काय सांगायचं. आत्यांनी कप खाली ठेवला, माझ्या पायांकडं नीट निरखून बघितलं, आणि विचारलं, "पळता येतं का?"

मी म्हणाले, "नाही."

"व्हय? मग शिकू. वय कुठं गेलंय."

एवढं बोलून त्या उठल्या. त्यांचा होकार आला हे आम्हाला सासऱ्यांच्या फोनवरून कळलं. तोवर माझी आई नुसती घराच्या आतबाहेर करत होती. "पळता येतं का म्हंजी," ती वडिलांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "पोरगी पळून जाईल का, असं तर न्हाय इचारलं त्यांनी?"

लग्नातही त्यांनी आपला हिसका दाखवलाच. वंदना झाली, अक्षता... छे, आमच्यात फुलं टाकतात, ती टाकून झाली, आणि फोटोवाल्यानं घरच्या मंडळींना एका ओळीत बसायला सांगितलं. 'ओळीत बसा' हे शब्द त्यानं आत्यांपुढं उच्चारायला नको होते. त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांना बसवायला घेतलं. खो-खोत बसतात तसं, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. कुणाला विरोध करायला सवडच मिळाली नाही. आजही आमच्या लग्नाचा अल्बम उघडला तर त्या फोटोत निम्मं घराणं हसतं आहे आणि निम्म्या घराण्याच्या पाठी दिसत आहेत. सासरे मंडपाच्या कनातीकडं बघत अगदी गंभीर बसले आहेत. ते म्हणतात, "माझा त्येवढाच फोटो चांगला आलाय."

आत्या स्वतः कधी ऐसपैस बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. भाकरी थापताना, टीव्ही बघताना, शेजारणीशी बोलताना त्या उकिडव्याच, एक पाय जरासा मागं, टाच उचललेली. जणू कोण कधी पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणेल सांगता येत नाही. गळ्यात पोतीसोबत शिट्टी. माणसंही आत्या त्या खेळाच्याच मापानं मोजतात. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत असं, की "त्यो हात न लावता नुसता खो म्हणतो." खो देताना बसलेल्याच्या पाठीला हात लागावा लागतो, नुसतं ओरडून भागत नाही. त्यामुळं पाण्याच्या टाकीचं आश्वासन देऊन गेलेल्या त्या माणसाचं याहून नेमकं वर्णन मला आजतागायत सुचलेलं नाही. आमच्या एका चुलतसासूबाई कुणाच्याही घरी कार्य ठरायच्या आधीच स्वतःला कामाला जुंपून घेतात, त्यांच्याबद्दल "खो मिळायच्या आत उठती, फाऊल हाय" असं म्हणतात. मी एकदा भीतभीत माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं. आत्या म्हणाल्या, "बसतो झकास. त्येला उठवायचं कसं, त्ये आता तू बघ."

बक्षिसांवर त्यांचा राग. घरात जिंकलेले कप पुष्कळ आहेत, पण एकात लसूण असतो, एकात सुतळी आणि सुया, आणि एक भली मोठी ढाल मागच्या दाराला टेकण म्हणून लावलेली असते. "कप मिळाला की पोरी सकाळी उशिरा उठत्यात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून जिंकल्यावर आमच्याकडं काही मिळत नाही, उलट दुसऱ्या दिवशी सराव थोडा जास्तच. हरल्यावर मात्र कढई चुलीवर चढते आणि सगळ्या संघाला कांद्याची भजी. हरलेल्याला घरी जाऊन ऐकून घ्यावं लागतं, म्हणून त्याच्या पोटात आधी काहीतरी गरम गेलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. तुळजापूरच्या एका सामन्यात पोरी भज्यांसाठी मुद्दाम हरल्या, असा सासऱ्यांना दाट संशय आहे. पुरावा मात्र नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होते, आणि नापास होत होते. यादीत नाव नसलं की माझं पुस्तकावरून मन उडून जायचं. एकदा अशीच उशी घेऊन पडले होते. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"अभ्यासात मन लागत नाही, आत्या."

"मनाला कशाला इचारतीस?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "मन म्हंजी पावणा. आला तर आला. पावणा आला न्हाय म्हणून चूल पेटवायची ऱ्हाती का? ऊठ, बूट घाल."

बूट कशाला, असं विचारायची हिंमत नव्हती. मैदानावर गेले. अर्धं मैदान पळाले आणि धापा टाकत मधेच खाली बसले. मला वाटलं आता काहीतरी धीराचं बोलतील. त्या जवळ आल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसलीस त्ये बरं केलंस. पण त्वांड चुकीच्या बाजूला हाय." मी हसले, आणि हसता हसता उठले. पुढं रोज सकाळी पळायचं आणि पळून आलं की पुस्तक उघडायचं, पाहुणा येवो न येवो. आज मी धाराशिवला एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि त्या बुटांचा किती, हा हिशेब मी मांडत बसत नाही.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरींत कोमलसारखी दुसरी नव्हती. वस्तीपलीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. सडपातळ, कमी बोलणारी, आणि पळायला लागली की अंगात वारं भरल्यासारखी. तिची राज्याच्या संघात निवड झाली तेव्हा गावानं तिचा फ्लेक्स लावला. चौकात, चांगला मोठा. त्यात शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे इतके, की कोमल कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी उरली होती. तरी ती होती. येणारेजाणारे तिला थांबवून बोलायला लागले, शाळेत सत्कार झाला. मग ती सरावाला उशिरा यायला लागली, मग अधूनमधून, आणि मग येईनाशी झाली. मी आत्यांना म्हणाले, जाऊन तिच्या आईशी बोला. आत्या नाही गेल्या. "दुसऱ्याच्या पायात शिरून आपुन न्हाय पळू शकत," म्हणाल्या. पण त्या दिवसांत भाकरी थापताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात पडत होता, हे मी ऐकत होते.

आणि मग ते झालं. नव्या पोरींना खांबावरची झेप जमत नव्हती. पळणारी पोर खांबाला वळसा घालून निसटते, तेव्हा पाठलाग करणारीनं खांबाला धरून अंग झोकून द्यायचं आणि तिला शिवायचं. खो-खोतली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. आत्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. त्यांनी साडीचा काचा मारला, एका पोरीला पुढं पळायला लावलं, "बघा गं" म्हणाल्या, आणि झोकून दिलं. झेप सुंदर होती, असं सगळ्या पोरी आजही सांगतात. पण त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. मांडीचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्समधून सोलापूरला नेताना वेदनेनं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याही अवस्थेत त्यांनी सासऱ्यांचा हात घट्ट धरून विचारलं, "तिला हात लागला हुता का? आऊट दिलं का?"

सासऱ्यांना खो-खोतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "दिलं, दिलं."

मांडीत सळई घालून आत्या घरी आल्या. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळेल, पण चालणं त्यांच्या हातात आहे. वॉकर धरून रोज उभं राहायचं, रोज थोडं पुढं जायचं. आम्हाला वाटलं, एवढंच ना? या बाईला रोजचं काही शिकवायची गरजच नाही. पण आत्या उभ्या राहीनात. पहिले काही दिवस दुखतं म्हणाल्या, मग नंतर बघू म्हणाल्या, मग काहीच म्हणेनाशा झाल्या. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. जेवण ठेवलं तर जेवायच्या, उचललं तर उचलू द्यायच्या. मी एकदा म्हणाले, "आत्या, मनाला कशाला विचारायचं? तुम्हीच सांगता ना?"

"त्ये पोरींना सांगायचं असतं," त्या भिंतीशीच बोलल्या. "माझं वय झालं आता."

वय हा शब्द त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल मी पहिल्यांदाच ऐकला. घर इतकं शांत झालं होतं, की मागच्या दाराची ढाल वाऱ्यानं हलली तरी दचकायला व्हायचं. सासरे सवयीनं पहाटे उठायचे, दोन कप चहा करायचे आणि दोन्ही घेऊन अंगणात बसून राहायचे. एक दिवस मला हळूच म्हणाले, "सूनबाई, ही भांडंना झालीय माझ्याशी. मला करमंना."

मी एक युक्ती केली. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला तिचा फार भरवसा वाटला होता. आत्या पलंगावर बसून चहा घेत होत्या. कप खाली ठेवल्याबरोबर मी त्यांच्या मागं गेले आणि जीव खाऊन ओरडले, "खो!" आयुष्यभराची सवय आहे, अंग आपोआप उठेल, असं माझं गणित. आत्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"हात लावला न्हाईस," त्या म्हणाल्या. "फाऊल."

क्षणभर वाटलं, आल्या परत. पण त्यांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी कोमल आली. तिला पुढच्या शिबिराला बोलावलं होतं, पण संघ निवडला त्यात तिला घेतलं नव्हतं. चौकातला फ्लेक्स अजून तसाच होता, एका बाजूनं फाटून लोंबत होता, आणि तो दिसू नये म्हणून ती लांबच्या बोळानं आली होती. आत आली, पलंगाजवळ जमिनीवर बसली, आणि गुडघ्यात डोकं घालून म्हणाली, "काकू, मला आता न्हाय खेळायचं. कुणाला त्वांड दाखवावं वाटंना."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता आत्या काय बोलतात म्हणून कान टवकारले. आत्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

"व्हय."

मग आत्यांनी विचारलं, "कुठं चुकलं?"

"खांबाजवळ. वळताना उशीर होतुया. सगळ्या पोरी मला तिथंच धरत्यात."

"दाखव."

कोमलनं डोकं वर केलं. "इथं?"

"अंगणात. लिंबाचं झाड हाय की, त्योच खांब."

कोमल डोळे पुसत अंगणात गेली, पळाली, लिंबाला वळसा घातला. आत्या पलंगावरून मान उंचावून बघत होत्या. पण दाराची चौकट मधे येत होती. लिंबाचा बुंधा नेमका चौकटीआड. "दिसंना. परत." कोमल पुन्हा पळाली. "अगं दिसंना म्हणती ना, पाय कुठं टाकतीस त्येच दिसंना!" आवाज चढला होता. कितीतरी दिवसांनी त्या घरात तो आवाज चढला होता. आणि चिडून, अगदी चिडून, त्यांनी वॉकर स्वतःकडं ओढला.

सासरे धरायला पुढं झाले. मी त्यांची बाही धरली. आत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ घट्ट मिटले होते. पलंग ते दार हे अंतर मी दिवसातून शंभरदा तोडते. त्या दिवशी ते मला तेर ते तुळजापूर वाटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शाब्बास म्हणालं नाही. चौकटीला टेकून आत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता पळ."

कोमल पळाली.

"डावा पाय! डावा पाय आधी टाकतीस तू. म्हणून उशीर होतुया. फ्लेक्स लावायला आलती सारी, पाय कुणी बघितला न्हाय व्हय गं तुझा?"

मग त्या उंबऱ्याजवळच खाली बसल्या आणि दुखण्यानं ढसाढसा रडल्या. कोमलला काय करावं सुचेना, ती लिंबाखाली तशीच उभी. सासरे आत जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवायला लागले. रडून झाल्यावर आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कोमलला विचारलं, "उद्या कवा येतीस?"

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. कधी आत्या उठत नसत. मग कोमल उंबऱ्यावर बसून राहायची, म्हणायची तुम्ही बाहेर आल्याबगर मी पळणार न्हाय. कधी कोमलच तोंड पाडून यायची आणि आत्या तिला दारातून हाकलायच्या. दोघी एकमेकींना इतकं बोलायच्या, की शेजारणी काय झालं म्हणून डोकावून जायच्या. सासऱ्यांची तब्येत मात्र त्या भांडणांवर झपाट्यानं सुधारली. उंबऱ्यापासून लिंबापर्यंत, लिंबापासून फाटकापर्यंत, आणि पावसाळा सरता सरता आत्या काठी टेकत मैदानावर पोचल्या. पायात थोडं लंगडणं राहिलं, ते राहिलंच.

नंतर एकदा दोघी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी त्यांना विचारलं, की त्या दिवशी उठायचं बळ कुठून आलं. मला काहीतरी मोठं ऐकायला मिळेल असं वाटत होतं.

"बळबिळ काय न्हाय," त्या म्हणाल्या. "मला उठायचं नव्हतंच त्या दिवशी. मला तिचा पाय बघायचा हुता."

मी पुष्कळ दिवस त्यावर विचार केला. माझ्या कचेरीत अधूनमधून व्याख्यानं होतात, यशस्वी कसं व्हावं, जिद्द कशी बाळगावी. वक्ते चांगलं बोलतात, टाळ्याही पडतात. पण स्वतःकडं बघून बघून उठता येत नाही, समोर काहीतरी बघण्यासारखं असावं लागतं, ही गोष्ट मला त्या शेंगांच्या टरफलांच्या ढिगाजवळ समजली, आणि ज्या बाईनं सांगितली तिला आपण काही सांगितलं याचा पत्ताही नव्हता.

कोमल पुन्हा राज्याच्या संघात गेली का, असं लोक विचारतात. नाही गेली. पुढच्या खेपेलाही निवड हुकली. पण ती मैदान सोडून गेली नाही. आता ती धाराशिवला कॉलेज करते, शाळेत खेळ शिकवणारी शिक्षिका व्हायचं म्हणते, आणि तेरमधल्या बारक्या पोरींचा सकाळचा सराव तीच घेते. आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दोघींच्या वाटचं ओरडतात.

परवाच्या हिवाळ्यात धाराशिवला सामने होते. आमच्या पोरी अगदी थोडक्यात हरल्या. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. पोरी एकमेकींच्या अंगावर रेलून गाढ झोपल्या होत्या, कोमल पुढं उभी होती, आणि आत्या माझ्याशेजारी खिडकीत. सामन्यातल्या चुका मला समजावून सांगत होत्या. मी हुंकार देत होते. बाहेर ज्वारीच्या रानांवरून ऊन उतरत होतं. बोलता बोलता त्यांचं वाक्य अर्ध्यात थांबलं. मी वळून बघितलं, तर त्यांना डुलकी लागली होती आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. इतक्या वर्षांत त्या कुणाला टेकून बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांचे केस कधी एवढे पांढरे झाले, तेही मी पाहिलं नव्हतं.

तेर आलं. पोरी डोळे चोळत उतरल्या. गाडी पुढं जायची होती. कंडक्टर आमच्या बाकाजवळ आला आणि म्हणाला, "मावशींना उठवा की. स्टँड आलं."

मी ओठांवर बोट ठेवलं. "जरा थांबा," म्हणाले.

त्यानं आत्यांकडं बघितलं. तो घंटीच्या दोरीवरचा हात काढून दाराशी जाऊन उभा राहिला. खाली कोमल पोरींना गप्प करत होती. माझ्या खांद्यावर आत्यांचं डोकं तसंच होतं, वाळलेल्या कणसासारखं हलकं. त्यांचा श्वास संथ चालला होता, आणि मला जागचं हलवत नव्हतं.